चोरीच्या ड्रॅगनचा पंचनामा

"पुस्तक मी छापून आणतो, अर्ध्या तासाचं काम आहे," हे वाक्य माझं. ते आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जबाबदारी निश्चित करताना माझ्या पत्नीने, महानंदाने, ते तीन वेळा उद्धृत केलं, आणि तिन्ही वेळा अचूक.

जून २००३ची गोष्ट. आमची मुलगी अपेक्षा औरंगाबादच्या वसतिगृहातून पाय मोडून बीडला घरी आली. प्लास्टर गुडघ्याच्या वरपर्यंत, मुदत सहा आठवडे. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि मैत्रिणीने दिलेली एक सीडी. सीडीत एक इंग्रजी पुस्तक होतं. नाव मराठीत करायचं तर 'सात गुहांचा मुलूख'. ते एका खेळाचं पुस्तक होतं, पण या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य. गोष्टीतल्या गोष्टीत गुहेत शिरायचं, संकट आलं की फासा टाकायचा आणि फासा सांगेल तसं निभावायचं. अमेरिकेत लोक यासाठी सव्वादोनशे पानांची पुस्तकं विकत घेतात म्हणे. वसतिगृहात कोणीच घेतलं नव्हतं. तीन मजल्यांत मिळून एक सीडी फिरत होती.

"हे विकत कुठं मिळतं?" मी विचारलं.

"पप्पा, सीडीवर आहे की," अपेक्षा म्हणाली. आडाला पाणी आहे की, मग विकत कशाला, अशा सुरात.

घरात संगणक नव्हता. सहा आठवडे पलंगावर पडून राहणाऱ्या मुलीला बापाने एवढं तरी करावं, म्हणून मी ते वाक्य बोललो. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात वृत्तसंपादक आहे. "अर्ध्या तासात बातमी देतो" म्हणणारे वार्ताहर मी तीस वर्षं पाहिले आहेत. मला कळायला हवं होतं.

तहसील कचेरीसमोर बद्रीनाथचं दुकान. पाटीवर झेरॉक्स, डीटीपी, एसटीडी आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून, इंटरनेट. मी सीडी दिली. पहिलं पान बाहेर आलं आणि रांगेतला सातबारावाला, जातीच्या दाखल्यावाला आणि पीक कर्जवाला असे तिघेही पुढे वाकले. पानभर काळी कुट्ट गुहा, गुहेत काळा ड्रॅगन, आणि ड्रॅगनच्या पोटाखाली उरलेल्या जागेत मजकूर. दुसरं पानही तसंच. नवव्या पानाला यंत्राने दम टाकला.

"साहेब, तुमचं हे जनावर लई शाई पितंय," बद्रीनाथ म्हणाला. "एका पानात माझे शंभर सातबारे निघतेत."

"मग काय करावं?"

हा प्रश्न मी बद्रीनाथला विचारला होता. उत्तर रांगेने दिलं. एकाने पंख छाटायला सांगितलं, म्हणजे निम्मी शाई वाचेल. दुसऱ्याने हे असलं छापण्यापेक्षा मुलीला तलाठी भरतीचं पुस्तक छापून द्यावं असं सुचवलं. तिसऱ्याने आवाज खाली आणून विचारलं की सोमवारी हे छापलं तर चालतं का. शाईची डबी औरंगाबादहून मागवावी लागली. ती आली त्या दिवशी वीज गेली. वीज आली त्या दिवशी बद्रीनाथ साडूच्या मुलाच्या लग्नाला युसूफ वडगावला गेला होता. अर्ध्या तासाचं काम पाचव्या दिवशी पूर्ण झालं आणि स्पायरल बायंडिंग केलेला दोनशे चोवीस पानांचा एक काळा ठोकळा मी घरी आणला. हाताला घेतला की हात काळे.

नेमकी पानं दोनशे पंचवीस होती. अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मधे पालीच्या सुंदरराव नावाच्या गृहस्थांचा रहिवासी दाखला बांधला गेला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. बीडमध्ये तो कुठे मिळणार? महानंदाने वीस चिंचोके घासून त्यांच्या पांढऱ्या बाजूवर एक ते वीस आकडे घातले आणि एका गडूत टाकले. हात घालायचा, एक काढायचा, आकडा बघून परत टाकायचा. पुढे अपेक्षाने हिशेब करून सांगितलं की शक्यतेच्या दृष्टीने गडू आणि फासा यांत काही फरक नाही. महानंदा म्हणाली, तिला तसंच वाटलं होतं.

आता प्रश्न खेळाडूंचा. मुलगी गोष्ट सांगणार. महानंदा एका अटीवर तयार झाली: गुहेत जाणाऱ्यांच्या जेवणाचं कोण बघतं ते आधी स्पष्ट व्हावं. ती वैद्य झाली आणि दशम्या बांधून घेतल्या. मी योद्धा. आणखी एक माणूस हवा होता.

कल्याणराव शेटे आमच्या शेजारचे. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं बेलिफ होते. समन्स बजावणं, जप्ती करणं, ताबा देणं. आवाज असा की, "कोण हाय घरात?" म्हटलं की घरातला माणूस कबूल व्हायचा. फाल्गुनात मुक्ताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी गेल्या, आणि तो आवाज बंद झाला. दिवसभर ओट्यावर बसायचे. रात्री चुरमुरे खाऊन झोपायचे. मुलगा संगमेश्वर पुण्यात नोकरीला. चांगला मुलगा. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं की श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू, पुण्याला चला. कल्याणरावांना जायचं नव्हतं. पण "आता तिथं तुमचं काय आहे?" असं मुलाने विचारलं की त्यांना उत्तर येत नसे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची कारणं ऐकून न घेता हुकूम बजावले, त्याला स्वतःसाठी एक कारण सापडत नव्हतं. महानंदाला ते सांगताना त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "वैनी, चौथ्या मजल्यावर हाय त्याचं घर. तिथून खाली काय दिसतं, तर गाड्यांचे टप."

अपेक्षाचा पाय बघायला म्हणून ते आले आणि चिंचोक्यांकडे बघत बसले.

"काका, तुम्ही येता का? कोण व्हाल? योद्धा, जादूगार, चोर..."

"बेलिफ."

"तसं नाहीये यात."

"मुलखात राजा हाय का?"

"आहे."

"राजा हाय म्हंजे दरबार हाय. दरबार हाय म्हंजे हुकूम सुटतो. सुटलेला हुकूम बजावतो कोन? राजा जातो का सोता?"

अपेक्षाने पुस्तक चाळलं. राजाचे हुकूम कोण बजावतो याबद्दल अमेरिकन लेखकाने खरोखरच काही लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून सात गुहांच्या मुलखाला एक बेलिफ मिळाला, आणि योद्ध्याला, म्हणजे मला, फारसं काम उरलं नाही.

पहिल्या गुहेत सोन्याच्या ढिगावर ड्रॅगन झोपलेला. मी तलवार उपसली.

"थांबा संपादक," कल्याणराव म्हणाले. "नोटीस दिली का?"

"ड्रॅगनला?"

"त्येला न्हाई तर कुनाला? एकतर्फी कसं चालंल?"

त्यांनी समन्स काढलं. ड्रॅगनने ते घ्यायला नकार दिला. तेव्हा 'घेण्यास नाकारले' असा शेरा मारून त्यांनी ते दोन पंचांसमक्ष गुहेच्या तोंडावर चिकटवलं. अपेक्षाने नियम लावला, पंधराच्या वर आकडा आला तर ड्रॅगन ऐकेल. गडूतून अठरा निघाला. मुदत संपल्यावर जप्ती. मालाची यादी करण्यात तीन संध्याकाळी गेल्या. अपेक्षाला एकशे चाळीस वस्तू मनाने रचाव्या लागल्या आणि कल्याणरावांनी त्या एकेक लिहून घेतल्या: 'तलवार, गंजलेली, नग एक, मूठ ढिली.' शेवटी सोन्याची पाळी आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे न्हाई घेता येत."

"कावून?" अपेक्षा अशा वेळी त्यांच्यासारखीच बोलायला लागली होती.

"ते जनावर त्याच्यावर निजतंय ना? मग ते त्याचं अंथरूण झालं. अंगावरचे कापडं, सैपाकाचे भांडे आन अंथरूण जप्त करता येत न्हाई. दिवानी कायद्यात हाय. गरिबाचं अंथरूण काढून आनलेला बेलिफ मी पाह्यलाय. त्याचं चांगलं झालं न्हाई."

आम्ही गुहेतून रिकाम्या हाताने बाहेर आलो. कल्याणराव त्या रात्री आमच्याकडे दोन भाकरी जेवले. महानंदाने ती संख्या मला स्वयंपाकघरातून बोटांनी दाखवली.

मग रोज संध्याकाळी पाचला ते येऊ लागले. पण त्यांचा एक आग्रह होता. कायदा स्वतः वाचल्याशिवाय ते कुठे पाऊल ठेवत नसत, आणि इंग्रजी त्यांना कोर्टाच्या नमुन्यापुरतंच येत होतं. म्हणून मी भाषांतर करायला घेतलं. छापखान्याला पानं जायच्या आत हातावेगळं करायची सवय असल्याने रोज दहा-बारा पानं सहज होत. तीन रजिस्टरं भरली. अपेक्षासाठी एक प्रत बद्रीनाथकडून काढून आणली. मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं होतं. ज्याला स्वतःचं कौतुक वाटू लागतं त्याच्या घरात महानंदासारखी पत्नी असावी.

ती ओरडत नाही. ती कात्रण काढते.

चार वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्या बारवांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. एका महाविद्यालयाने त्याच्या साठ प्रती झेरॉक्स करून वाटल्या. त्यावर मी आमच्या अंकात पहिल्या पानावर चौकट लिहिली, 'हा बौद्धिक दरोडा'. एका संध्याकाळी, मी तिसऱ्या गुहेचं भाषांतर करत असताना, महानंदाने ती चौकट टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि चहा ठेवून निघून गेली. 'दुसऱ्याच्या अक्षरांवर फुकट डल्ला मारणारा शिकलेला असेल तर तो अधिक मोठा चोर होय.' वाक्य चांगलं होतं. माझंच होतं.

मी ठरवलं की हे सरळ करायचं. प्रकाशकाला पैसे पाठवायचे, परवानगी मागायची. पोस्टात गेलो. मनीऑर्डर नेपाळ-भूतानपर्यंत जाते, त्यापुढे जग पोस्टाच्या जबाबदारीत नाही. बँकेत गेलो. व्यवस्थापकांनी परकीय चलनाचा अर्ज काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि विचारलं, "कशाबद्दल पैसे?"

"पुस्तकाबद्दल."

"म्हणजे आयात. माल आला?"

"आला."

"कस्टमचा कागद?"

"कस्टममधून नाही आला. सीडीवर आला."

"सीडी कस्टममधून आली?"

"सीडी वसतिगृहातून आली."

त्यांनी अर्ज उलटून मागची बाजूही वाचली. मग म्हणाले की मागवायच्या मालाचे पैसे पाठवता येतात. आलेल्या मालाचे कागद असतील तर पाठवता येतात. पण जो माल आला आहे आणि कुठूनही आलेला नाही, त्याचे पैसे द्यायला बसलेला माणूस त्यांच्या नोकरीत पहिलाच, आणि अर्जात त्यासाठी रकाना नाही. "इतके दिवस नाही दिलेत, तसंच चालू द्या ना," त्यांनी सल्ला दिला. त्यात कुठेही टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

मग मी या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक केली. बरोबर माणसाला कायदेशीर सल्ला विचारला.

नऊ जुलै, संध्याकाळचे पाच. कल्याणराव चप्पल काढत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते उभेच राहिले.

"म्हंजे हे पुस्तक चोरीचं हाय?"

"चोरीचं असं नाही. विकत घेतलेलं नाही."

"संपादक, एकतीस वर्षं लोकायच्या घरातलं सामान उचललं. एक चमचा घरी न्हाई नेला. मुक्तीनं एकदा जप्तीतली परात हातात धरून पाह्यली तं तिला बोललो मी. आन तुमी मला पंधरा दिवस चोरीच्या मालावर बसवलं?"

आवाज पूर्वीचा होता. घरात सगळे कबूल झाले.

नेमके त्याच वेळी पालीचे सुंदरराव दारात आले. तहसीलमधून चार वेळा परत आले होते. रहिवासी दाखला हरवल्यामुळे त्यांच्या रहिवासाबद्दलच संशय निर्माण झाला होता, आणि बद्रीनाथने आठवून आठवून त्यांना आमचा पत्ता दिला होता. दाखला सोडवून देताना पुस्तक त्यांच्या हाती दिलं गेलं, ते त्यांनी उघडलं, आणि चित्रं बघत ओट्यावरच बसले.

"बरं झालं," कल्याणराव म्हणाले. "दुसरा पंच आला."

तिथेच पंचनामा झाला. 'पुस्तक, काळे, नग एक, पाने दोनशे चोवीस, कोपऱ्यात चहाचे डाग. रजिस्टरे तीन, संपादकांच्या हस्ताक्षरात.' मी हरकत घेतली की रजिस्टरांतले शब्द तरी माझे आहेत. "चोरीच्या सोन्याचा डागिना घडवला म्हनून तो सोनाराचा होत न्हाई," ते म्हणाले. महानंदा आणि सुंदरराव यांच्या सह्या झाल्या. सगळं धडुत्यात गुंडाळून लाखेचं सील लागलं. लाख आमच्याच घरची. "मालक सापडंस्तोवर हे उघडायचं न्हाई," म्हणून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी पाचला आले नाहीत. महानंदाने डबा पाठवला. दार लावलेलं. आतून आवाज आला, "जेवलो म्हना."

"तुम्हाला प्रामाणिकपणा करायचा होता," महानंदा मला म्हणाली, "तर पाय बरा झाल्यावर करायचा. आणि त्या माणसाला पुण्याला नेऊन सोडल्यावर करायचा." त्यानंतर आठ दिवस माझ्याशी संभाषण फक्त अपेक्षामार्फत झालं.

सुटका एकच होती, मालक शोधणं. बद्रीनाथच्या इंटरनेटवर प्रकाशकाचा पत्ता शोधून ई-मेल केली. ती परत आली. कंपनीच अस्तित्वात नव्हती. दोन दिवस शोधून पुस्तकाच्या लेखकाचा पत्ता लागला, हॅरल्ड क्विन्बी, मुक्काम अमेरिकेतलं एक लहान गाव, व्यवसाय चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करणे. त्याला मी चारशे शब्दांचं पत्र लिहिलं. गुन्हा काय, कोणी, कधी, कुठे, किती पानं, हे सगळं पहिल्या परिच्छेदात. दुसऱ्यात बेलिफ आणि ड्रॅगनचं अंथरूण. तिसऱ्यात विनंती. बद्रीनाथ टाइप करता करता थांबला. "साहेब, कबुलीजबाब न मागता देनारे तुमी पहिलेच. तिकडचे पोलीस इथवर येतेत का हो? माझ्या दुकानाचं नाव काढा यातून."

उत्तराची वाट बघण्याचे दिवस गल्लीने माझ्यावर उपकार म्हणून वाटून घेतले. कोणी अमेरिकेत दंड किती होतो ते सांगे, कोणी आपला भाचा न्यूजर्सीत आहे, त्याच्याकडून वशिला लावू म्हणे. आमच्याच कार्यालयातल्या एकाने बातमीचं शीर्षकही तयार ठेवलं होतं. ते मी बघितलं. दोन कॉलमी होतं.

अशात सुंदरराव पुन्हा आले. या वेळी हातात एक स्पायरल बायंडिंग. उघडलं तर माझं अक्षर! माझ्या भाषांतराची झेरॉक्स! मी तसाच बद्रीनाथकडे गेलो.

"हे तू विकतोस?"

"तुमी प्रत काढाया दिलती ना, तवाच एक जास्तीची ठेवलती. साहेब, तुमचं अक्षर लई सुबक. पालीत चार गेल्या, लिंबागनेशला दोन."

"अरे, ते माझं भाषांतर आहे! मला विचारायचं तरी!"

"बरोबर हाय साहेब," बद्रीनाथ अगदी मनापासून म्हणाला. "आन मूळ कुनाचं म्हनलात?"

मी घरी परत आलो.

सुंदररावांची अडचण वेगळी होती. पालीला पारावर सात-आठ जण रोज हाच खेळ, बेलिफासकट, खेळत बसत. तिसऱ्या गुहेत एक भूत आहे, त्याला समन्स लागू होतं की नाही यावर दोन तट पडले होते, आणि एक तट सुंदररावांच्या घरी जेवायला येईनासा झाला होता. कल्याणरावांच्या बंद दारासमोर उभं राहून त्यांनी प्रश्न विचारला. आत खाट करकरली. मग आतून:

"मयताच्या नावानं समन्स निघत न्हाई. वारस लावा."

"भुताचे वारस कोन धरायचे, नाना?"

दार चार बोटं उघडलं. "ज्याला दिसतं तो," कल्याणराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष सुंदररावांच्या हातातल्या प्रतीकडे गेलं. "हे बी चोरीचंच हाय. मी काय बोललो न्हाई." दार बंद. पण त्या दिवशी डबा रिकामा परत आला.

सत्तावीस जुलैला उत्तर आलं. बद्रीनाथ कागद घेऊन धावत आला, आणि मी तो कल्याणरावांच्या ओट्यावर बसून, दाराकडे तोंड करून, मोठ्याने मराठीत वाचला.

क्विन्बी लिहीत होता की पुस्तक बावीस वर्षांपूर्वीचं. हक्क त्याने एका कंपनीला विकले, ती दुसरीने घेतली, दुसरी बुडाली. आता हक्क कोणाकडे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा परवानगी द्यायला किंवा नाकारायला तो कोण? मात्र त्याच्या तळघरात पाणी शिरून त्याच्या स्वतःकडची शेवटची प्रत भिजून गेली. नवीन कुठे मिळत नाही. आमच्याकडच्या प्रतीवरून एक प्रत करून पाठवता येईल का? आणि शेवटची ओळ: 'अंथरुणाचा नियम माझ्या लक्षात यायला हवा होता. बेलिफ साहेबांना विचारा, ड्रॅगनने अपील केलं तर?'

दार उघडलं. कल्याणराव बाहेर येऊन ओट्यावर बसले. पायात चप्पल नव्हती.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मूळ धनी हयात हाय," ते हळूहळू म्हणाले. "माल वळखला त्यानं. फिर्याद न्हाई. हक्क कुनाचा, ते कुनालाच ठाव न्हाई. म्हंजे हा हक्काचा वाद झाला, संपादक. हक्काचा वाद असला का माल सुपूर्दनाम्यावर ठेवतेत, भरोशाच्या मान्साकडं. त्यानं सांभाळायचा, खराब होऊ द्यायचा न्हाई, मागतील तवा हजर करायचा."

"आणि वापरायचा की नाही?" महानंदाने कुंपणापलीकडून विचारलं.

"वैनी, जप्तीतली म्हैस सुपूर्दनाम्यावर दिली तरी धार काढावीच लागती. न्हाई काढली तर जनावर मरतं."

संध्याकाळी पाचला सील फोडलं. सुपूर्दनामा कल्याणरावांच्या नावे झाला. एक प्रत क्विन्बीला रवाना करायचं ठरलं, सोबत पंचनाम्याची खरी नक्कल. अपीलाला ड्रॅगनने तीस दिवसांची मुदत पाळावी, असं त्याला कळवण्यात आलं.

अपेक्षाचं प्लास्टर दोन दिवसांनी निघालं आणि ती काठी टेकत औरंगाबादला गेली. मला वाटलं, खेळ संपला. पण सुंदरराव दुसऱ्याच दिवशी पालीहून आले. पारावर आता कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, नाना आल्याशिवाय चौथी गुहा उघडणार नव्हती. कल्याणराव पुस्तक बगलेत मारून गेले. एक दिवसाआड जाऊ लागले.

तीन ऑगस्टला रविवार होता. दुपारी चार वाजता संगमेश्वरची गाडी आली. त्याने मागच्या सीटवर वडलांसाठी नवी गादी टाकून आणली होती, रस्त्याने आडवं होता यावं म्हणून. घराला लावायचं कुलूपही नवं होतं. तो आमच्याकडे चहाला बसला, आणि कल्याणराव धोतर-सदरा घालून, पुस्तक बगलेत घेऊन आत आले.

"बाबा, सामान?"

"मला येता येनार न्हाई."

"का? इथं तुमचं काय आहे आता?"

हा तोच प्रश्न होता. मी कपाकडे बघितलं. महानंदाच्या हातातली लाटण्याची लय थांबल्याचं मला ऐकू आलं.

"माल हाय माझ्या ताब्यात," कल्याणराव म्हणाले. "सुपूर्दनाम्यावर. ज्याच्या ताब्यात माल असतो त्याला जिल्हा सोडता येत न्हाई. सोडला तर मीच आरोपी."

संगमेश्वरने त्या काळ्या ठोकळ्याकडे पाहिलं, वडलांकडे पाहिलं. गेल्या पाच महिन्यांत वडील फोनवर सलग एवढं बोलले नसावेत. "असा काही नियम आहे?"

"कलम एकशे चार," महानंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तुम्ही जेवून जा."

तिला एकशे चार हा आकडा कुठून मिळाला, ते मी आजवर विचारलेलं नाही. संगमेश्वर माझ्याकडे वळला. या घरात खोटं न बोलणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती, आणि महिनाभर मी तिची किंमतही मोजली होती. तीस वर्षांत मी खातरजमा केल्याशिवाय एक ओळ सोडलेली नाही.

"काका, खरंय का हे?"

"तसंच आहे," मी म्हणालो. "कडक कलम आहे."

त्याने कप खाली ठेवला. मग गाडीकडे गेला, नवी गादी खांद्यावर घेऊन परत आला आणि वडलांच्या घरात, त्यांच्या खाटेवर, नीट कोपरे जुळवून घालून आला.

"किती दिवस चालेल हे प्रकरण?" त्याने विचारलं.

"हक्काचा निकाल लागंपर्यंत."

"आणि निकाल कुठं लागायचा?"

पालीची पाचची बस गाठायची होती. कल्याणराव चपलेत पाय घालत होते.

"अमेरिकेत," ते म्हणाले. "तिथं बी लई तारखा पडतेत म्हनं."